सहा तोंडें आणि एक चूल

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा वाद झाला. परवचा आटोपल्यावर पुतण्याचा धाकटा मुलगा आगगाड्यांच्या चित्रांचें एक पुस्तक घेऊन आमच्यापुढें बसला व एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, “आजोबा, हें पाहा जगांतलें सर्वांत बलवान इंजिन. ह्याला ओढणारीं चोवीस चाकें आहेत!” त्याचे वडील तेथेंच वर्तमानपत्र वाचीत बसले होते. ते हंसून म्हणाले, “कसलें बलवान? तें तर सर्वांत फसलेलें इंजिन.” झालें! मुलाचे डोळे भरून आले, आणि दोघांनींही आमच्याकडे न्याय मागितला. आम्ही विचार करूं लागलों, तों ध्यानांत आलें कीं, बाप व लेक दोघेही खरें बोलत होते. एकच यंत्र अत्यंत बलवानही असावें व अत्यंत अयशस्वीही ठरावें, हें कसें घडतें, तें ह्या वेळीं वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. विषय यंत्राचा असला तरी गृहिणींनीं पान उलटूं नये; सगळा प्रश्न शेवटीं चुलीपाशींच येऊन ठेपणार आहे.

मुंबईहून पुण्यास येणाऱ्या मंडळींना कर्जतचें स्टेशन ठाऊक आहेच. तेथें कित्येक गाड्यांच्या शेपटास ज्यादा इंजिनें लावितात. कारण पुढें बोरघाट आहे. त्यांत सदतीस फुटांस एक फूट इतका कडक चढ आहे, आणि एकट्या पुढच्या इंजिनाच्या भरंवशावर तो चढणें सोयीचें नसतें. ह्या मागून रेटणाऱ्या इंजिनांना रेल्वेचे लोक ‘बँकर’ म्हणतात. अमेरिकेंतही असे चढ ठिकठिकाणीं आहेत. न्यूयॉर्ककडून पश्चिमेस जाणाऱ्या इरी रेल्वेच्या मार्गावर सस्क्वेहाना नांवाच्या गांवाजवळ असाच एक चढ होता. त्याच्या माथ्यास गल्फ समिट म्हणत. मालाच्या लांबच लांब गाड्या ह्या चढावर नेण्यासाठीं मागें इंजिनें जोडावीं लागत. जितकीं इंजिनें तितके ड्रायव्हर, तितके फायरमन आणि तितके पगार. तेव्हां अनेक इंजिनांचें काम एकाच महाकाय इंजिनाकडून करून घेतां येईल काय, असा प्रश्न रेल्वेच्या चालकांपुढें साहजिकच उभा राहिला.

इंजिन मोठें करणें हें वाटतें तितकें सोपें नाहीं. बळ वाढवावयाचें तर ओढणारीं चाकें वाढवावयास हवींत. पण एकाच ताठ चौकटींत पुष्कळ चाकें बसविलीं कीं तें इंजिन वळणावर अडतें. लांब शिडी अरुंद जिन्याच्या वळणावर अडते, तसाच हा प्रकार. ह्यावर फ्रान्समध्यें राहणाऱ्या अनातोल माले नांवाच्या स्विस अभियंत्यानें १८८४ सालीं एक उत्तम युक्ति काढली. त्यानें चाकांचे दोन निरनिराळे संच केले. मागचा संच बॉयलरला पक्का जोडला, आणि पुढचा संच मागच्यास बिजागरीनें जोडून त्याला वळणावर डावीउजवीकडे फिरण्यास मोकळीक दिली. ह्यालाच सांध्याचें इंजिन म्हणावयाचें. शिवाय त्यानें वाफ दोनदां वापरली. बॉयलरमधील ताजी वाफ प्रथम मागच्या लहान सिलिंडरांत जावयाची, आणि तेथून निघालेली, अर्धवट दमलेली वाफ पुढच्या मोठ्या सिलिंडरांत जाऊन पुन्हां काम करावयाची. उसाचें कांडें चरकांतून एकदां काढल्यावर तेंच चिपाड पुन्हां चरकांत घालून उरलासुरला रस काढावा, तशीच ही काटकसर होय. १९०४ सालीं बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेनें ह्या जातीचें पहिलें इंजिन अमेरिकेंत आणिलें. तें यशस्वी झालें, आणि पाहतां पाहतां तेथील डोंगरी मार्गांवर सांध्याच्या इंजिनांचें राज्य सुरू झालें.

येथवर सर्व ठीक चाललें. पुढें फिलाडेल्फिया येथील प्रसिद्ध बाल्डविन कारखान्याचे सल्लागार अभियंते जॉर्ज हेंडरसन ह्यांच्या मनांत एक विचार आला. इंजिनाच्या मागें कोळशाचा व पाण्याचा जो भला मोठा डबा असतो, त्यास टेंडर म्हणतात. हें सारें ओझें इंजिन जन्मभर नुसतें ओढीत असतें; तें स्वतः कांहींच ओढीत नाहीं. आतां इंजिनाचें चाक रुळावर पकड घेतें तें त्यावरील वजनामुळें. वजन कमी असेल तर चाक जागच्या जागीं घसरतें. मग टेंडरचें हें फुकट वजन तरी वायां कां दवडावें? त्याच्या खालींही सिलिंडर बसवून ओढणाऱ्या चाकांचा तिसरा संच दिला, तर घरांत बसून खाणारा माणूसही मिळवता होईल! विचार तर्कशुद्ध होता, हें आम्ही मुद्दाम सांगतों. मूर्खांच्या चुकांपासून शिकण्यासारखें थोडें असतें. शहाण्या माणसाची चूक मात्र नीट न्याहाळून पाहावी.

१९१४ सालीं तें इंजिन कारखान्यांतून बाहेर पडलें. इरी रेल्वेच्या मॅट शे नांवाच्या एका जुन्या व लोकप्रिय ड्रायव्हरचें नांव त्यास देण्यांत आलें. आठ-आठ चाकांचे तीन संच. त्यांपैकीं दोन बॉयलरखालीं व तिसरा टेंडरखालीं. प्रत्येक चाकाचा व्यास ६३ इंच, म्हणजे सव्वापांच फूट. एकंदर वजन सुमारें ३८० टन. ओढण्याचें बळ हिशेबानें १,६०,००० पौंड. त्या काळीं पृथ्वीच्या पाठीवर याहून जोरकस इंजिन नव्हतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत त्याची परीक्षा घेतली गेली. एकापाठोपाठ एक असे भरलेले २५० डबे त्याच्यामागें जोडले. गाडीची लांबी दीड मैलाहून अधिक, आणि वजन तिकडील टनाच्या मापानें जवळजवळ १८,००० टन. इंजिनानें ती सबंध माळ ओढून नेली. गति ताशीं चौदा मैलांच्या वर गेली नाहीं हें खरें. पण त्या दिवशीं तिकडे कोण पाहतो? आमच्या नातवानें पाहिलेलें चित्र ह्याच पराक्रमी यंत्राचें होतें, आणि त्याचें म्हणणें त्या दिवसापुरतें अक्षरशः खरें होतें.

परंतु परीक्षेचा दिवस वर्षांतून एकदां येतो, आणि काम रोजचें असतें. रोजच्या कामास लागल्यावर ह्या राक्षसाचा दम उखडूं लागला. गति ताशीं दहा मैलांच्या आसपास पोहोंचली कीं बॉयलरांतील वाफेचा दाब उतरावयाचा आणि इंजिन धापा टाकावयाचें. फायरमनच्या हातांचा हा दोष नव्हता; कारण कोळसा टाकण्यास यांत्रिक साधनच बसविलें होतें. मग दोष होता कोठें?

आतां गृहिणींनीं विशेष लक्ष द्यावें. ह्या इंजिनास सहा सिलिंडर होते, म्हणजे सहा खाणारीं तोंडें. सहाही सारख्याच मापाचे, ३६ इंच व्यासाचे. मधल्या दोघांस बॉयलरची ताजी वाफ मिळे. त्यांतील उजव्यांतून निघालेली वाफ पुढच्या जोडीस जाई व डाव्यांतून निघालेली मागच्या जोडीस. मालेच्या नेहमींच्या इंजिनांत ताजी वाफ घेणारे सिलिंडर लहान असत. येथें तेही मोठेच, म्हणून त्यांची भूक दांडगी. हें सर्व शिजवावयाचें मात्र एकाच चुलीवर! तिची जाळी ९० चौरस फुटांची होती. नऊ फूट रुंद व दहा फूट लांब अशा खोलीएवढी जाळी म्हणजे कांहीं लहान नव्हे. परंतु सहा तोंडांच्या मानानें ती अपुरी पडली. ती हवी तितकी वाढवितांही येईना. कारण पूल, बोगदे व रुळांची रुंदी ह्यांनीं इंजिनाच्या आकारास मर्यादा घातलेली असते.

ह्याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. चूल पेटती राहावयास फुंकणी लागते, हें कोणास सांगावयास नको. वाफेच्या इंजिनाची फुंकणी म्हणजे काम संपवून सिलिंडरांतून बाहेर पडणारी वाफ. ती धुराड्यांतून जोरानें वर उसळते, तिच्याबरोबर धूर ओढला जातो, आणि त्या ओढीनें विस्तवास वारा लागतो. इंजिन जितकें अधिक कष्टतें तितकी त्याची फुंकर जोरदार होते, आणि जाळही तितकाच वाढतो. वाफेच्या इंजिनांत इतकी सुंदर योजना दुसरी नाहीं. परंतु मॅट शेच्या मागच्या जोडींतून निघणारी वाफ धुराड्यापर्यंत न्यावयाची कशी? ती बॉयलरकडे जाणारें पाणी थोडें तापवी, आणि मग टेंडरच्या मागील टोंकाशीं उभ्या केलेल्या नळींतून हवेंत निघून जाई. म्हणजे खाणारीं तोंडें सहा, आणि चुलीवर फुंकर घालणारीं फक्त पुढचीं दोन! अर्धा श्वास मागच्या दारानें बाहेर गेला. खर्च वाढला त्याच वेळीं मिळकतीची वाट अरुंद झाली. मग वाफ पुरावी कशी?

तिसरी अडचण तर पाहूं जातां अगदीं साधी होती, पण युक्तीच्या भरांत तिचें महत्त्व कोणास वाटलें नसावें. ज्या टेंडरच्या वजनावर तिसऱ्या संचाची भिस्त, तें वजन कोळशाचें व पाण्याचें. इंजिन जसजसें काम करी तसतसा कोळसा जळे, पाणी आटे आणि टेंडर हलका होई. मग त्याखालील चाकांची पकड सुटून तीं घसरूं लागत. ज्या आधारावर उभें राहावयाचें, तोच आधार खाऊन जगावयाचें, असा हा प्रकार झाला.

इरी रेल्वेनें १९१६ सालीं आणखी दोन इंजिनें ह्याच जातीचीं घेतलीं. परंतु तिन्ही इंजिनें चढावर मागून रेटण्याच्या मंद कामींच राहिलीं, आणि १९३० च्या आगेंमागें मोडींत निघालीं. व्हर्जिनियन नांवाची दुसरी एक रेल्वे होती. ती वेस्ट व्हर्जिनियांतील खाणींचा कोळसा समुद्रकिनाऱ्याकडे नेत असे. तिनेंही १९१६ सालीं बाल्डविनकडून असें एक इंजिन करून घेतलें. ह्या वेळीं सिलिंडर जरा लहान, चाकें ५६ इंचांचीं, आणि चुलीची जाळी १०८ चौरस फुटांची केली. म्हणजे पहिल्या चुकीपासून बोध घेतला होता. तरीही वाफ पुरेना. कारण फुंकणीचा मूळ दोष कायमच होता. चार संच, पांच संच अशाही योजना हेंडरसन ह्यांनीं मांडल्या; पण त्या कागदावरच राहिल्या.

ह्यानंतरची हकीकत आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. व्हर्जिनियन रेल्वेनें तें फसलेलें इंजिन भंगारांत टाकलें नाहीं. १९२० सालीं तें बाल्डविनच्या कारखान्यांत परत गेलें, आणि तेथें त्याचीं दोन इंजिनें करण्यांत आलीं. पुढच्या दोन संचांचें मालेच्या पद्धतीचें एक सांध्याचें इंजिन झालें. मागच्या संचास स्वतंत्र बॉयलर देऊन दुसरें एक साधें इंजिन झालें. दोघांसही आपापली चूल मिळाली, आपापली फुंकणी मिळाली, आणि दोघांनींही पुढें कित्येक वर्षें निमूटपणें काम केलें. तें लोखंड वाईट नव्हतें, चाकें वाईट नव्हतीं, कारागिरांचा हातही वाईट नव्हता. भार आणि चूल ह्यांचें प्रमाण तेवढें चुकलें होतें. त्याच रेल्वेनें १९१८ सालीं दुसऱ्या कारखान्याकडून दहा सांध्याचीं इंजिनें घेतलीं होतीं. त्यांत संच दोनच, पण बॉयलर भरपूर मोठा. पुढचे सिलिंडर ४८ इंच व्यासाचे. तीं सावकाश चालत, परंतु वाफेवांचून कधीं अडलीं नाहींत, आणि त्यांनीं दीर्घकाळ चाकरी केली.

हें सर्व मुलास सांगत असतां आमचें मन दुसरीकडेच गेलें. तें येथें लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

आमचे वडील आमच्या लहानपणींच वारले. दादा आमच्याहून चौदा वर्षांनीं मोठे. कचेरींत कारकून होते. त्यांच्या एका पगारावर तीन चुली पेटत: एक त्यांच्या स्वतःच्या बिऱ्हाडाची, दुसरी कोंकणांतल्या घरीं राहिलेल्या विधवा आत्याची, आणि तिसरी गांवच्या घरीं राहून शिकणाऱ्या आम्हां भावंडांची. ताईचें लग्न दादांनीं अशा थाटानें केलें कीं सारें गांव म्हणालें, घराचा कर्ता असावा तर असा! तो दादांचा अडीचशें डब्यांचा दिवस होता. आम्हीही त्या दिवशीं छाती पुढें काढून मिरवलों.

पुढें दोन वर्षांनीं आम्ही मॅट्रिक झालों. संस्कृतांत गुण चांगले पडले होते, आणि कॉलेजांत जाण्याचें आमच्या मनांत पक्कें ठरलें होतें. दादा दोन दिवस कांहींच बोलले नाहींत. तिसऱ्या दिवशीं ओसरीवर आम्हांस जवळ बसवून ते म्हणाले, “पुढचें आतां माझ्याच्यानें होणार नाहीं रे. तूं कोठें काम पाहा.” आम्ही म्हटलें, “दादा, ताईच्या लग्नांत तुम्हीं एवढा खर्च केलात, मग माझ्याच वेळीं कसें जमत नाहीं?” त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. त्यानंतर कित्येक महिने आम्ही त्यांच्याशीं धड बोललों नाहीं. आम्ही पाठशाळेंत शास्त्रीबोवांच्या पायांशीं बसून संस्कृताचें अध्ययन पुरें केलें, मास्तरकी पत्करली, आणि मनांत एक अढी मात्र वर्षानुवर्षें जपून ठेविली.

वहिनींच्या हातांतील पाटल्या ताईच्या लग्नानंतर पुन्हां कधीं दिसल्या नाहींत, ही गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास वीस वर्षें लागलीं. दादा किती ओढतात तें आम्हीं पाहिलें होतें. त्यांची चूल कशावर पेटते, आणि तिला फुंकर कोण घालतें, हें आम्हीं एकदांही पाहिलें नाहीं. सगळे मागणारे होतों. चुलीकडे वळून फुंकर घालणारें त्या घरांत वहिनींवांचून कोणी नव्हतें. आम्हांस नोकरी लागल्यावर आत्याचा खर्च आम्हीं आपणांकडे घेतला. तेव्हां दादा कांहीं बोलले नाहींत. पण त्या वर्षीं गणपतींत ते कित्येक वर्षांनीं मोठ्यानें आरती म्हणाले, हें आम्हांस स्पष्ट आठवतें. त्या वेळीं आम्हांस त्याचा अर्थ लागला नव्हता. आतां दादा नाहींत, आणि त्या ओसरीवरील प्रश्नाबद्दल त्यांची क्षमा मागावयाची राहूनच गेली.

एकत्र कुटुंब ही मोठी थोर गोष्ट आहे, असें आम्ही आजही मानतों; आमचें घर आजही एकत्र आहे. परंतु सर्वांनीं एकत्र राहणें निराळें आणि सर्वांनीं एकावर राहणें निराळें. भार वांटून घेतला म्हणजे घर फुटत नाहीं, उलट टिकतें. व्हर्जिनियनच्या त्या दोन इंजिनांनीं एकाच रेल्वेची सेवा केली. आणि कर्त्या पुरुषाचें, अथवा आजकाल पुष्कळ घरांत मिळवणाऱ्या मुलीचें वा सुनेचें, बळ एखाद्या लग्नाकार्याच्या दिवसावरून मोजूं नये. त्या दिवशीं साठविलेली वाफ खर्च होत असते. खरें बळ साध्या महिन्याच्या पंचविसाव्या तारखेस दिसतें. ज्या घरांत एकाच्या कमाईवर अनेक तोंडें आहेत, त्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं तरी महिन्यांतून एकदां त्या माणसास जवळ बसवून, “तुझें कसें चाललें आहे?” एवढें विचारावें, अशी आमची विनंति आहे. आम्हीं तें विचारलें नाहीं.

निकाल काय दिला, असें वाचक विचारतील. आम्हीं सांगितलें कीं, इंजिन बलवान होतें हें मुलाचें म्हणणें खरें, आणि तें फसलें हें बापाचें म्हणणेंही खरें. मुलगा कांहीं वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “आजोबा, म्हणजे त्याची चूक नव्हती.”

“नव्हती, बाळ,” आम्ही म्हणालों, आणि पुस्तक मिटून त्याच्या हातीं दिलें.